मुतखड्यावरचे शॉक आणि हृदयाचे ठोके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुतखडा फोडायच्या मशीनवर मी तंत्रज्ञ म्हणून काम करते. माणूस टेबलावर आडवा होईपर्यंत त्याचे खड्याविषयीचे प्रश्न बहुतेक संपलेले असतात. किती मिलिमीटरचा, कुठे अडकलाय, किती सिटिंग लागतील, हे सगळं डॉक्टरांशी बोलून झालेलं असतं. मी छातीवर ईसीजीच्या चिकट्या लावायला घेते तेव्हा त्याचा चेहरा बदलतो आणि नवे प्रश्न सुरू होतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहिते आहे. तुमच्यासाठी काय करायचं ते तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांना काय सांगायचं आणि काय विचारायचं, ते घरून निघतानाच ठाऊक असलं तर फार फरक पडतो.

खडा किडनीत आहे, मग छातीला तारा कशाला?

कारण शॉक चालू असताना काही जणांच्या हृदयाचे ठोके मधूनच चुकतात. बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतं, पण ते दिसायला हवं. ईसीजी नसेल तर मी आंधळेपणाने मशीन चालवते आहे असं होईल. बोटाला लावतात तो चिमटा ऑक्सिजन आणि नाडी दाखवतो, दंडाला बीपीचा पट्टा असतो आणि छातीवरच्या तारा ठोक्याचा आकार दाखवतात. तिन्ही हवेत.

शॉक म्हणजे विजेचा शॉक का?

नाही. या एका शब्दाने लोक विनाकारण घाबरतात. अंगात वीज जात नाही. जाते ती दाबाची लाट. तळ्यात दगड टाकल्यावर तरंग उठतो तशीच, पण प्रचंड जोराची आणि सेकंदाच्या काही लाखाव्या भागापुरती टिकणारी. मशीनच्या डोक्यात ही लाट तीन प्रकारे तयार करतात: पाण्यात ठिणगी पाडून, विद्युतचुंबकाने पातळ पत्रा झटक्याने हलवून किंवा विजेने थरथरणाऱ्या स्फटिकांपासून. ठिणगी पडते ती मशीनच्या आत. तुमच्यापर्यंत पोचते ती फक्त लाट.

शरीरात बरंचसं पाणीच असल्यामुळे ही लाट कातडी आणि स्नायूंमधून सहज पुढे जाते आणि खड्याच्या जागी एकवटते. हवा मात्र तिला चालत नाही. म्हणून मी जेल लावताना एकही बुडबुडा राहू नये यासाठी इतका वेळ घालवते. पेशंट कंटाळतात, पण बुडबुडे राहिले तर शॉक वाया जातात आणि मग जास्त शॉक द्यावे लागतात.

मग किडनीवर रोखलेल्या लाटेने हृदयाचा ठोका कसा चुकतो?

हृदयाचा प्रत्येक ठोका त्याच्या स्वतःच्या विजेच्या इशाऱ्यावर पडतो. पण हृदयाच्या स्नायूला बाहेरून यांत्रिक धक्का बसला तरी तो आकुंचन पावू शकतो. छातीवर जोराचा फटका बसला की ठोका इकडेतिकडे होतो, तसंच. लाट खड्यावर एकवटत असली तरी तिचा थोडा अंश आजूबाजूला पसरतो, आणि किडनी व हृदय यांच्यामध्ये पडदा असतो तो फक्त श्वासपटलाचा. शॉकचा धक्का नेमक्या वेळी पोचला तर हृदय एक जादा ठोका टाकतं. याला एक्टोपिक किंवा व्हीपीसी म्हणतात.

हे एक कारण झालं. दुसरं कारण आहे दुखणं आणि भीती. पाठीत टकटक बसत असते, माणूस मुठी आवळून पडलेला असतो, अंगात ॲड्रेनलिन वाढतं, नाडी पळते, आणि पळणाऱ्या नाडीत जादा ठोके सहज घुसतात. काही जणांचं याच्या उलट होतं: दुखलं की नाडी एकदम मंदावते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. सुई टोचताना चक्कर येणाऱ्यांमधली ही मंडळी. झोपेच्या इंजेक्शनाने श्वास उथळ झाला आणि ऑक्सिजन उतरला तर त्याचाही परिणाम ठोक्यावर होतो. म्हणून ठोका चुकला की सगळा दोष लाटेलाच देता येत नाही. मी आधी पेशंटचा चेहरा बघते, मग चिमट्यावरचा आकडा, आणि मग मशीन.

हे किती जणांना होतं?

युरोपातल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमधल्या एका तक्त्यात ठोक्यांच्या अनियमिततेचं प्रमाण 11 ते 59 टक्के दिलं आहे. आकडा मोठा वाटतो आणि त्यातली तफावतही मोठी आहे. मशीन कोणतं, शॉक ठोक्याशी जुळवून दिले की नाही, दुखणं किती थांबवलं, आणि एखादा सुटा जादा ठोकासुद्धा मोजला की नाही, यावर तो आकडा अवलंबून असतो. त्याच तक्त्यात हृदयाच्या खरोखर गंभीर घटनांपुढे टक्केवारीच नाही. तिथे लिहिलंय, सुट्या रुग्णांचे अहवाल. म्हणजे अशा घटना इतक्या विरळ, की त्यांची एकेक करूनच नोंद झाली.

या दोन ओळी शेजारी ठेवून वाचा. ठोका चुकणं सर्रास घडतं. त्यातून जिवावर बेतणं फार दुर्मीळ आहे.

'गेटिंग' केलं असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे काय?

हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. शॉकने माणसाचा मुतखडा पहिल्यांदा फोडला तो जर्मनीत, म्युनिकमध्ये, 7 फेब्रुवारी 1980 रोजी. डॉ. ख्रिस्तियान चाउसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उपचार केला. मशीन डॉर्नियर कंपनीचं होतं, आणि ही कंपनी मुळात विमानं बनवणारी. अतिवेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले तर धातूची हानी कशी होते, हे तपासताना तिथल्या अभियंत्यांचं लक्ष या लाटांकडे गेलं. सुरुवातीच्या त्या मशीनमध्ये पेशंटला पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात उतरवायचे.

ठोका बिघडण्याची भीती तेव्हाच ओळखलेली होती, आणि तिच्यावर काढलेला उपाय मला आजही फार देखणा वाटतो. प्रत्येक ठोक्यात हृदयाचा एक क्षण असा असतो, की नुकतंच आकुंचन सुरू झाल्यामुळे बाहेरून कितीही डिवचलं तरी ते दाद देत नाही. ईसीजीवर उंच टोकदार शिखर दिसतं, त्याला 'आर' लाट म्हणतात. त्याच्या लगेच पुढचा हा काळ. त्यानंतर येते ती बसकी, गोलसर 'टी' लाट. तिच्या माथ्याजवळचा क्षण मात्र नाजूक. तेव्हा धक्का बसला तर ठोक्यांची लय गंभीरपणे बिघडू शकते. म्हणून मशीन ईसीजीला जोडलं गेलं: आर लाट दिसली, की सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागाने शॉक सोडायचा. हृदयाने दार बंद केलेलं असतानाच लाट येऊन जाते. यालाच गेटिंग म्हणतात.

माझ्या वेळी गेटिंग लावलंच नव्हतं. तो निष्काळजीपणा होता का?

तेवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. गेटिंगमध्ये शॉकचा वेग हृदयाच्या हातात जातो. नाडी 75 असेल तर मिनिटाला 75 शॉक, म्हणजे 3000 शॉकना 40 मिनिटं. कोणाची नाडी 50 असेल तर त्याच 3000 शॉकना पूर्ण तास. नवी मशीन आली, टब गेला, लाटेची एकवटण्याची जागा लहान झाली, आणि अनुभवाने दिसलं, की धडधाकट हृदयाच्या माणसाला ठरावीक वेगाने, ठोक्याशी न जुळवता शॉक दिले तरी चालतं. जादा ठोके थोडे वाढतात, पण मशीन थांबवलं की तेही थांबतात. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी पद्धत अशी आहे: सुरुवात गेटिंगशिवाय, आणि ठोके चुकायला लागले की गेटिंगवर जायचं.

निष्काळजीपणा केव्हा म्हणायचा, तेही सांगते. ईसीजी लावलाच नाही, किंवा लावला पण स्क्रीनकडे बघायला कोणी नाही. विचारायचंच असेल तर हे विचारा: 'माझ्या ठोक्यांवर कोण लक्ष ठेवणार आहे? लागलं तर या मशीनमध्ये गेटिंग लावता येतं का? डिफिब्रिलेटर याच खोलीत आहे का?' (डिफिब्रिलेटर म्हणजे हृदयाची बिघडलेली लय विजेच्या झटक्याने जागेवर आणणारं यंत्र.) हे विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. मला तर असे प्रश्न विचारणारा पेशंट आवडतो.

शॉक हळू दिले तर जास्त सुरक्षित का?

हो, आणि खडाही बरा फुटतो. मिनिटाला 120 ऐवजी 60 ते 90 शॉक दिले की खड्याचे तुकडे बारीक होतात आणि किडनीला इजा कमी होते. घाईच्या लाटांनी खड्याभोवती सूक्ष्म बुडबुड्यांचा ढग जमतो आणि पुढच्या लाटेचा जोर तोच खाऊन टाकतो. सुरुवात कमी जोराने करून हळूहळू वाढवण्यामागेही हेच शहाणपण आहे: किडनी सावरते, माणूस त्या टकटकीला सरावतो, नाडी खाली येते. बाहेर थांबलेले नातेवाईक 'शेजारच्या दवाखान्यात अर्ध्या तासात करतात' असं म्हणतात तेव्हा मी हेच सांगते.

ठोका चुकला तर मला कळेल का? आणि कळला तर काय करू?

बऱ्याच जणांना काहीच कळत नाही. काहींना छातीत मासा फडफडल्यासारखं वाटतं, काहींना घशाशी धक्का जाणवतो, कोणी म्हणतं 'लिफ्ट एकदम खाली गेल्यासारखं झालं'. तसं झालं तर बोला. लगेच बोला. हलू नका, उठून बसू नका, फक्त तोंडाने सांगा. छातीत दुखतंय, दम लागतोय, गरगरतंय, हे तर मुळीच सहन करत पडू नका. मशीन थांबवायला मला एक बटण दाबावं लागतं, तेवढंच. सहनशील माणसांची मला जास्त काळजी वाटते, आणि त्यातही आपल्याकडच्या मावश्यांची. 'त्रास कशाला द्यायचा' म्हणून ओठ घट्ट मिटून पडून राहतात.

स्क्रीनवर रेघ वेडीवाकडी झालेली मी पाहिली. म्हणजे हृदय बिघडलं होतं का?

असेलच असं नाही. प्रत्येक शॉकला पोटाचे आणि पाठीचे स्नायू किंचित उडतात, त्याने तारा हलतात आणि रेघेवर खोटे ठोके उमटतात. खरं-खोटं कळतं ते बोटाच्या चिमट्यावरून. तिथली नाडीची लाट एका लयीत चालू असेल तर ईसीजीवरचा गोंधळ बहुधा बाहेरचा असतो. दोन्ही रेघा एकाच वेळी बिघडल्या तर ठोका खरोखर चुकला.

तेव्हा तुम्ही काय करता?

एखाददुसरा सुटा ठोका असेल तर नुसतं बघत राहते. वारंवार यायला लागले, जोडीने आले किंवा ओळीने तीन-चार आले तर शॉक थांबवते आणि डॉक्टरांना हाक मारते. बहुतेक वेळा एवढंच पुरतं. शॉक बंद, की काही क्षणांत लय जागेवर. मग दुखणं कमी करायचं औषध, ऑक्सिजन, गेटिंग चालू, जोर थोडा कमी, आणि पुन्हा सुरुवात. नाडी फार मंदावली तर ॲट्रोपिनचं इंजेक्शन तयार असतं. एवढं करूनही लय सावरली नाही तर सिटिंग तिथेच संपतं. खडा पुढच्या आठवड्यातही तिथेच असणार आहे.

यातून हार्ट अटॅक येतो का?

अटॅक म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबणं. शॉकची लाट रक्तवाहिनी तुंबवत नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन वाढतं. शॉकच्या उपचाराआधी आणि नंतर ते मोजून पाहिलेलं आहे, आणि साधारणपणे त्यात वाढ दिसलेली नाही. पण ज्याच्या वाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्याला दुखणं, भीती आणि पळती नाडी यांचा ताण सोसावा लागतोच. चालताना छाती भरून येत असेल, जिना चढताना थांबावं लागत असेल, तर आधी हृदयाची तपासणी आणि मग खडा.

एक गोष्ट जोडून सांगते. मुतखड्याच्या कळेवर सर्रास डायक्लोफिनॅक दिलं जातं. ज्यांना अँजायना (हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखणं) आहे, अटॅक येऊन गेलाय किंवा हार्ट फेल्युअर (हृदयाचा पंप कमजोर होणं) आहे, त्यांना ते देऊ नये असं युरोपच्या औषध नियामकाने 2013 मध्येच सांगितलं आहे. घरात पडलेली डायक्लोफिनॅकची पट्टी हृदयरुग्णाने खड्याच्या कळेसाठी स्वतःच्या मनाने उघडू नये.

मला पेसमेकर आहे. शॉक घेता येतील का?

बहुतेकांना येतात, पण तयारी करून. आणि इथे मला मनापासून एक विनंती करायची आहे: पेसमेकर आहे हे सांगा.

हास्यास्पद वाटेल अशी विनंती, पण ऐका. एक आजोबा माझ्या टेबलावर आले होते. 'काही आजार?' या प्रश्नापुढे फॉर्मवर 'नाही' लिहिलेलं. चिकटी लावताना माझं बोट गळपट्टीच्या हाडाखालच्या उंचवट्यावर गेलं. विचारलं तर म्हणाले, 'अगं, तो आजार होता तेव्हा होता. मशीन बसवल्यापासून काहीच त्रास नाही, म्हणून नाही लिहिलं.' त्यांचं म्हणणं त्यांच्या परीने अगदी बरोबर होतं. त्या दिवशी आम्ही त्यांना परत पाठवलं. हृदयरोगतज्ज्ञांनी पेसमेकर तपासून दिला आणि दुसऱ्या तारखेला उपचार नीट पार पडला. तेव्हापासून मी 'काही आजार?' असं विचारत नाही. 'छातीत, पोटात, अंगात कुठे काही बसवलंय का?' असं विचारते.

तयारी का लागते, तर पेसमेकर स्वतः विजेचे बारीक ठिपके सोडतो. दोन कप्प्यांचा पेसमेकर असेल तर वरच्या कप्प्यासाठी सोडलेल्या ठिपक्यालाच आमचं मशीन आर लाट समजू शकतं आणि भलत्या क्षणी शॉक सोडतं. काही पेसमेकरमध्ये चालण्याची हालचाल ओळखून ठोके वाढवायची सोय असते. शॉकच्या थरथरीने 'माणूस पळतोय' असा त्याचा समज होऊ शकतो. म्हणून उपचारापुरती मांडणी बदलून घेतात, शॉकचा रोख पेसमेकरच्या डबीपासून लांब ठेवतात, आणि नंतर पुन्हा तपासून मूळ मांडणी करतात. पेसमेकर बसवताना मिळालेलं कार्ड सोबत आणा. कंपनी, मॉडेल आणि वर्ष त्यावरूनच कळतं.

आणि आयसीडी असेल तर?

तर जास्तच काळजी. आयसीडी म्हणजे पेसमेकरसारखंच अंगात बसवलेलं यंत्र; ठोका धोकादायक झाला की ते आतूनच विजेचा झटका देतं. शॉकच्या लाटांमुळे चुकीचा निष्कर्ष काढून ते विनाकारण झटका देऊ शकतं. म्हणून उपचाराच्या वेळेपुरतं त्याचं झटका देण्याचं काम बंद ठेवतात, आणि तेवढा वेळ बाहेरचा डिफिब्रिलेटर हाताशी सज्ज ठेवतात. संपल्यावर ते पुन्हा चालू केल्याची खात्री झाल्याशिवाय घरी जायचं नाही. हे नातेवाइकांनीही लक्षात ठेवावं: 'आयसीडी परत चालू केलं का?' हा प्रश्न निघताना विचाराच.

मला एट्रियल फिब्रिलेशन आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. ठोके आणखी बिघडतील का?

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय विस्कटून ठोके कायम अनियमित पडणं. तुमच्या बाबतीत ठोक्यापेक्षा गोळीचा प्रश्न मोठा आहे. रक्त पातळ असताना शॉक दिले तर किडनीभोवती रक्तस्राव होऊन गाठ साचू शकते, म्हणून त्या गोळ्या चालू असताना शॉक देत नाहीत. पण गोळी बंद केली तर फिब्रिलेशनमध्ये हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा, म्हणजे पक्षाघाताचा धोका. दोन्हीकडून कोंडी. ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन असेल तर काही दिवस आधी, ॲपिक्साबॅन-रिव्हरॉक्साबॅनसारखी नवी गोळी असेल तर त्याहून कमी दिवस आधी थांबवतात. पण किती दिवस, मधल्या काळात इंजेक्शन लागेल का आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे तुमचे हृदयरोगतज्ज्ञ आणि मूत्ररोगतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं असतं. तुम्ही नाही, मी नाही, मेडिकलवालाही नाही. गोळी थांबवणं धोक्याचंच असेल तर शॉकचा हट्ट सोडून दुर्बिणीने लेझर वापरून खडा काढता येतो, आणि ते गोळी चालू ठेवूनही करता येतं.

राहिला गेटिंगचा प्रश्न. फिब्रिलेशनमध्ये ठोके मुळातच अनियमित, त्यामुळे शॉकही कधी लवकर, कधी उशिरा पडतात. टकटक वेडीवाकडी ऐकू आली तर घाबरू नका, मशीन तुमच्या ठोक्यामागे चाललेलं असतं.

अँजिओप्लास्टी झाली आहे. किती दिवस थांबायचं?

स्टेंट बसवल्यावर पहिले काही महिने, अटॅकनंतर बसवला असेल तर साधारण वर्षभर, ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी चालू असते. त्या काळात ती थांबवली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. खडा थांबू शकत असेल तर थांबायचं. थांबू शकत नसेल, म्हणजे लघवी अडलीय, ताप येतोय, किडनी फुगलीय, तर आधी डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंत जाणारी बारीक नळी) टाकून लघवीला वाट करून देतात आणि खड्याचं नंतर बघतात. दोन्हींना स्टेंटच म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. 'मला स्टेंट आहे' एवढं सांगू नका, 'हृदयात' की 'लघवीच्या नळीत' तेही सांगा.

शॉकच्या आधी कोणत्या तपासण्या ठोक्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या?

ईसीजी, आणि रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं). पोटॅशियम कमी असलं तरी ठोके बिघडतात, जास्त असलं तरी बिघडतात. लघवी होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांचं आणि जुलाब झालेल्यांचं ते उतरलेलं असतं. खडा पुन्हा होऊ नये म्हणून काहींना थायाझाइडची गोळी देतात, तिनेही उतरतं. याच्या उलट, दोन्ही किडन्या अडल्या असतील किंवा एकच किडनी असून तीच अडली असेल, तर पोटॅशियम चढतं, आणि ते हृदयाला शॉकच्या लाटेपेक्षा कितीतरी घातक असतं.

चालू गोळ्यांची यादी द्या, त्यात संसर्गासाठी घेतलेलं सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि उलटीसाठी घेतलेलं ऑन्डॅनसेट्रॉनसुद्धा लिहा. या दोन्हींनी ईसीजीवरचा क्यूटीचा टप्पा, म्हणजे ठोका पडल्यावर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, लांबू शकतो. निरोगी माणसाला सहसा फरक पडत नाही. ज्याचा तो आधीच लांबलेला आहे, त्याला पडतो.

सकाळची बीपीची गोळी उपाशीपोटी घ्यायची का?

भूल किंवा झोपेचं इंजेक्शन असेल तर उपाशी बोलावतात, आणि लोक मग सगळ्याच गोळ्या सोडून येतात. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा बीटा-ब्लॉकर गोळ्या एकदम बंद केल्या की नाडी उसळते. त्या सहसा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. पण साखरेची गोळी, लघवीची गोळी यांचं वेगळं असतं. आदल्या दिवशी फोन करून एकेका गोळीचं नाव घेऊन विचारा. वरचं बीपी 200 घेऊन आलात तर मी मशीन सुरू करणार नाही. चढलेल्या बीपीत किडनीभोवती रक्तस्रावाचा धोका वाढतो.

लहान मुलांना शॉक देतात का?

देतात, आणि मुलांमध्ये तुकडे छान बाहेरही पडतात. त्यांना पूर्ण भूल देतात, म्हणून ठोक्यांवर भूलतज्ज्ञाचं लक्ष असतंच. मुलांच्या बाबतीत हृदयाइतकीच काळजी फुप्फुसाची घ्यावी लागते. फुप्फुसं खड्यापासून फार जवळ असतात, आणि हवेशी गाठ पडली की लाट तिथे इजा करते. म्हणून छातीखाली थर्माकोल किंवा फोमचा तुकडा ठेवून फुप्फुस झाकून घेतात.

आईचं वय 75 आहे, हृदय कमजोर आहे. शॉकपेक्षा दुर्बीण बरी का?

वयावरून ठरत नाही. दुर्बिणीला पाठीतली किंवा पूर्ण भूल लागते, आणि कमजोर हृदयाला भुलेचाही ताण असतोच. शॉकला बहुतेकदा दुखणं थांबवायचं औषध पुरतं. उलट, दुर्बिणीने एका वेळेत काम होण्याची शक्यता जास्त, शॉकची दोन-तीन सिटिंग लागू शकतात. खडा एक सेंटिमीटरच्या आतला, फार टणक नसलेला, सोयीच्या जागी असेल तर शॉकचं पारडं जड. दोन सेंटिमीटरच्या वर असेल किंवा सीटी स्कॅनवर खड्याची घनता हजार हाउन्सफील्डच्या (स्कॅनवर टणकपणा मोजायचं एकक) पुढे असेल, तर शॉकवर वेळ घालवण्यात फारसा अर्थ नाही. आणि खडा लहान, दुखत नाही, लघवी अडलेली नाही, तर नुसतं लक्ष ठेवणं हाही सन्मान्य पर्याय आहे. डॉक्टरांना विचारा, 'काहीच केलं नाही तर काय होईल?'

घरी आल्यावर धडधडतंय. काय करू?

शॉकमुळे चुकणारे ठोके शॉकबरोबर थांबतात. रात्री धडधडलं तर कारण बहुधा दुसरं असतं: पाणी कमी पडलंय, कळ येतेय, ताप चढतोय, किंवा टॅमसुलोसिनच्या गोळीने बीपी उतरलंय. ही गोळी तुकडे सुटायला देतात. ती घेतल्यावर झटकन उठू नका, आधी पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसा. थंडी वाजून ताप आणि धडधड असेल तर संसर्ग रक्तात पसरत असू शकतो. सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा. छातीत दुखणं, दम लागणं, शुद्ध हरपणं यातलं काहीही झालं तर 108 ला फोन. आणि कुशीत सतत वाढतं दुखणं, चक्कर, फिकटपणा असेल तर किडनीभोवती रक्तस्राव झालाय का ते बघावं लागतं. तेव्हा नाडी पळते ती रक्त कमी पडल्यामुळे.

शॉकने पुढे कायमचं बीपी किंवा हृदयरोग होतो का?

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 1985 मध्ये शॉक घेतलेल्या रुग्णांची 19 वर्षांनी पाहणी केली. त्यात बीपी आणि मधुमेह जास्त आढळले, आणि 2006 मध्ये ते प्रसिद्ध झाल्यावर बरीच चर्चा झाली. नंतरच्या पुष्कळ अभ्यासांत तसा संबंध दिसला नाही. मुतखडा होणाऱ्या माणसांत वजन, बीपी, साखर या तक्रारी तशाही जास्त असतात, त्यामुळे दोष कोणाचा हे सोडवणं अवघड. ठोक्यांची लय कायमची बिघडल्याचं मात्र मी माझ्या टेबलावर पाहिलेलं नाही. वर्षातून एकदा बीपी मोजा, ते तसंही मोजायलाच हवं.

हृदयालाच शॉक देऊन उपचार करतात असं वाचलं. मग हृदयाला ते घातक कसं?

दोन्ही खरं आहे. हृदयाच्या वाहिनीत दगडासारखं टणक कॅल्शियम साचलं की फुग्यातून अगदी अशाच दाबाच्या लाटा सोडून ते तडकवतात, आणि त्याची कल्पना मुतखड्याच्या उपचारावरूनच आली. त्या वेळी बऱ्याचदा लाटेबरोबर हृदयाचा जादा ठोका पडताना स्क्रीनवर दिसतो. लाट थांबली की तोही थांबतो. किडनीवरच्या शॉकने ठोका का चुकतो, याचा इतका उघड पुरावा दुसरा नसेल.

पहिल्या सिटिंगला ठोके चुकले होते. दुसरं घेऊ का?

घेता येतं, बहुतेकांना. पण पहिल्या वेळचा कागद सोबत आणा: किती शॉक झाले होते, किती जोरावर ठोके चुकले, थांबवल्यावर किती वेळात सावरले, कोणतं इंजेक्शन दिलं होतं. दवाखाना बदलला असेल तर हा कागद आग्रहाने मागून घ्या, तो मिळणं तुमचा हक्क आहे. तो हातात असेल तर दुसऱ्या वेळी मी पहिल्याच शॉकपासून गेटिंग लावून ठेवते, जोर आणखी सावकाश चढवते, आणि डॉक्टरांना आधीच खोलीत थांबायला सांगते.